रविवारचा पहिला बॉल की शुक्रवारचा शेवटचा?

पत्र असं आहे, थोडं कापून देतोय:

"दादा, आम्ही नॉर्थ कॅरोलिनात असतो. मुलगा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, मेकॅनिकल इंजिनिअरिंग, आणि डिव्हिजन वनच्या (कॉलेज खेळाची सगळ्यात वरची पायरी) बेसबॉल टीममध्ये पिचर, म्हणजे बॉल टाकणारा. उजव्या हाताचा, ९२-९३ मैलाने टाकतो, स्लायडर चांगला आहे म्हणतात, डावखुऱ्या बॅटरसमोर मात्र जरा मार खातो. मागच्या वर्षी बहुतेक वेळा नऊपैकी शेवटच्या एक-दोन इनिंगला यायचा. यंदा फॉलची प्रॅक्टिस संपताना कोचने बोलावून सांगितलं, रविवारचा स्टार्टर (मॅच सुरू करणारा) हो नाहीतर क्लोजर (शेवटी येऊन मॅच संपवणारा) हो, मला दोन्हीकडे माणूस हवाय, सुट्टीत विचार कर आणि जानेवारीत सांग. मुलगा म्हणतो क्लोजर. ह्यांचं म्हणणं स्टार्टरच, शेवटी येऊन पंधरा बॉल टाकायला एवढी वर्षं गाडी हाकली का आपण. मागच्या एप्रिलमध्ये एका मंगळवारी त्याला स्टार्ट मिळाली होती, हे चार तास ड्राइव्ह करून गेले, पहिल्या तीन इनिंगमध्ये एक हिट नाही आणि चौथीत पाच रन, ६७ बॉलवर काढला त्याला. तेव्हापासून तो विषय निघाला की तो उठून खोलीत जातो. साताऱ्याहून सासूबाई पहाटे उठून लाइव्ह बघतात आणि विचारतात, आज आपला बाळ येणार का नाही, त्यांना काय सांगू तेही कळत नाही. मी कोचना ईमेल करून विचारू का, त्याच्यासाठी काय चांगलं ते? — एक आई"

ताई, शेवटचं आधी सांगतो. ईमेल करू नका. लिटल लीगला चालतं, हायस्कूलला कसंबसं चालतं, कॉलेजच्या कोचला आईचा ईमेल गेला की तो असिस्टंटला वाचून दाखवतो आणि मग पोराला डगआऊटमध्ये तोंड दाखवायची सोय राहत नाही. विचारायचंय ते मुलाने स्वतः पिचिंग कोचच्या ऑफिसात जाऊन विचारायचं, काय विचारायचं ते पुढे येईलच.

आता माझी बाजू आधीच उघड करून टाकतो म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको. मी मिरजेचा, ओहायोत पंचवीसेक वर्षं झाली, आणि मी एका क्लोजरचा बाप आहे. माझा मोठा इथल्या एका छोट्या डिव्हिजन थ्री कॉलेजात चार वर्षं शेवटच्या इनिंगला यायचा, तिथे खेळासाठी स्कॉलरशिप वगैरे नसतेच, हौसेचा मामला. त्यामुळे तुमच्या मिस्टरांचं ते पंधरा बॉलवालं वाक्य मला चांगलंच ओळखीचं आहे, कारण ते मी स्वतः वापरलंय. गणपतीत मंडळाच्या हॉलमध्ये कोणी विचारलं की पोरगा काय करतो, मी म्हणायचो पिचर आहे, आणि पुढचा प्रश्न आला की मग काल किती टाकले, तर "काल त्याची गरज नाही लागली" असं म्हणून मी मोदकांच्या टेबलाकडे वळायचो.

तर मिस्टरांना आधी हे सांगा, की क्लोजर म्हणजे उरलासुरला माणूस ही समजूत क्रिकेटमधून येते असं मला वाटतं. आपण लहानपणापासून बघितलंय की नवा बॉल ज्याच्या हातात तो मुख्य बोलर, बाकीचे नंतर. पण क्रिकेटमध्ये श्रीरामपूरचा झहीर नव्या बॉलने चार-पाच ओव्हर टाकून बाजूला व्हायचा आणि शेवटी जुन्या बॉलने परत यायचा, एकच माणूस दोन्ही कामं करायचा. बेसबॉलमध्ये ती सोय नाही हो. पिचर मॅचमधून बाहेर काढला की काढला, त्या दिवशी परत येणं नाही. सगळा घोळ या एका नियमामुळे आहे, तुमचा चांगला हात कधी खर्च करायचा हे कोचला आधीच ठरवावं लागतं, पहिल्याला टाकला तर नवव्या इनिंगला दुसरा कोणीतरी आणि शेवटाला राखून ठेवला तर कदाचित ती वेळच येत नाही.

आणि कॉलेजमधला क्लोजर म्हणजे टीव्हीवर मेजर लीगमध्ये (सगळ्यात वरच्या व्यावसायिक लीगमध्ये) दिसतो तसा तीन आऊट काढून हात मिळवणारा नसतो. कॉलेजमध्ये शुक्रवार-शनिवार-रविवार एकाच टीमशी तीन मॅच, मधे मंगळवारी किंवा बुधवारी एखादी, असा आठवडा, सीझनला जास्तीत जास्त ५६ मॅच, फेब्रुवारीच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत. कोचला जिंकता येण्यासारखी मॅच दिसली की तो सातव्या इनिंगलाच क्लोजरला आणतो आणि म्हणतो आता तूच संपव. शुक्रवारी दोन इनिंग, रविवारी परत दीड, असं सर्रास चालतं. २००२ मध्ये टेक्सासच्या ह्यूस्टन स्ट्रीटने पहिल्याच वर्षी, फ्रेशमन असताना, ओमाहाला कॉलेज वर्ल्ड सिरीजमध्ये क्लोजर म्हणून येऊन टीमला जिंकून दिलं आणि सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला, पुढे मेजरमध्ये ३२४ सेव्ह (थोडक्यात पुढे असलेली मॅच शेवटी येऊन राखणं म्हणजे सेव्ह). आणि मारियानो रिव्हेरा, यँकीजचा, तो १९९५ मध्ये स्टार्टर म्हणूनच वर आला होता, दहा स्टार्ट मिळाल्या, मार खाल्ला, मग शेवटाला गेला आणि ६५२ सेव्ह घेऊन थांबला, २०१९ मध्ये हॉल ऑफ फेमला सगळ्याच्या सगळ्या मतांनी निवडून गेलेला पहिला माणूस तो. म्हणजे कमीपणाचं काम नाहीये ते. हे मिस्टरांना एकदा जेवताना सांगा, आणि मग त्यांना सांगा की तरीही दादांचं मत तुमच्याच बाजूने आहे, फक्त कारण वेगळं आहे.

होय, मला वाटतं त्याने रविवारची स्टार्ट घ्यावी. निदान मार्च संपेपर्यंत.

का ते सांगतो. तुमच्या पत्रातला मला सगळ्यात कामाचा भाग तो एप्रिलचा मंगळवार वाटला, जो तुम्ही अगदी जाता जाता लिहिलाय. पहिल्या तीन इनिंग एकही हिट नाही. तीन इनिंग म्हणजे नऊ आऊट, म्हणजे समोरच्या टीमचे साधारण सगळे नऊ बॅटर एकदा येऊन गेले. चौथीत काय झालं असेल? तेच बॅटर दुसऱ्यांदा आले. एकदा बघितलेला फास्टबॉल, एकदा बघितलेला स्लायडर, आणि आता तिसरं काही येणार नाही हे त्यांना कळलेलं. ही तुमच्या मुलाची एकट्याची गोष्ट नाही, सगळ्याच लेव्हलला बॅटर दुसऱ्यांदा आला की पहिल्यापेक्षा बरा खेळतो आणि तिसऱ्यांदा अजून बरा, हल्ली मेजरमध्ये चांगल्या चांगल्या स्टार्टरना पाचव्या-सहाव्या इनिंगला काढतात ते याच कारणाने. पोराला मात्र वाटलं असणार की मी फुटलो, बाबा एवढ्या लांबून आले आणि मी फुटलो. त्याच्या डोक्यात स्टार्टर म्हणजे ती चौथी इनिंग आहे आणि क्लोजर म्हणजे तिथपर्यंत कधीच न जाणं. मी चुकत असेन, मी त्याला ओळखत नाही, पण खोलीत उठून जाणारं पोरगं मी पाहिलंय.

आता डावखुऱ्यांसमोर मार खातो असं तुम्ही लिहिलंय, तेही याच्याशीच जोडलेलं आहे. उजव्या हाताच्या पिचरचा स्लायडर उजव्या बॅटरपासून लांब पळतो, तो बॅट घालतो आणि हवेत फिरवतो. तोच स्लायडर डावखुऱ्याकडे आत येतो, जरा जरी चुकला तर थेट बॅटच्या जाड भागावर. म्हणून डावखुऱ्यासाठी वेगळं काहीतरी लागतं, बहुतेक वेळा चेंजअप. हात तेवढ्याच जोरात फिरतो, बॉल तळव्यात जरा खोल धरलेला, त्यामुळे आठ-दहा मैलाने हळू येतो आणि डावखुऱ्यापासून बाहेर सरकत खाली बसतो. दिसायला काहीच नाही, शिकायला महाकठीण, कारण जोरात हात फिरवून मुद्दाम हळू टाकायचं हे मनाला पटतच नाही, वीस वर्षाच्या मुलाच्या तर नाहीच. क्लोजरला हा बॉल नसला तरी चालून जातं, तो चार-पाच बॅटर बघतो, दोन हत्यारं पुरतात, डावखुरा आलाच तर कोच दुसऱ्याला आणतो. स्टार्टरला चालत नाही. आणि एकदा क्लोजर झाला की चेंजअप शिकायला जागाच राहत नाही, नवव्या इनिंगला एक रनची लीड असताना कोण नवीन बॉल करून बघणार? कोचच हाणेल त्याला. रविवारी दुसऱ्या इनिंगला, चार रनांनी पुढे असताना, समोर सातव्या नंबरचा डावखुरा, तिथे तो टाकून बघता येतो, चुकला तर एक डबल (दोन बेसचा फटका) जाईल, जाऊ दे.

म्हणजे माझं म्हणणं मानापानाचं नाहीच आहे. वय १९-२०, हातात दोन बॉल, तिसरा शिकायचाय, आणि शिकायची जागा सुरुवातीच्या इनिंगमध्ये आहे. बास.

आता हाताचं. यावर मी जरा जास्त बोलणार, कारण इथे मी स्वतः शहाणपणा गमावलेला आहे.

लोकांना वाटतं स्टार्टरच्या हातावर जास्त ताण, ऐंशी-नव्वद बॉल टाकतो, क्लोजर बिचारा पंधरा. अमेरिकेत मेजर लीग आणि यूएसए बेसबॉलने मिळून पिच स्मार्ट नावाची मार्गदर्शक यादी केलेली आहे, त्यात १९ ते २२ वयाला एका दिवसात जास्तीत जास्त १२० बॉल, ३० पर्यंत टाकले तर दुसऱ्या दिवशी परत टाकायला हरकत नाही, ८० च्या पुढे गेला की किमान चार दिवस सुट्टी. कॉलेजच्या कोचवर ती बंधनकारक नाही, पण समजूतदार कोच त्याच्या आसपास राहतात. अडचण अशी की ही यादी मॅचमधले बॉल मोजते. बुलपेनमधले, म्हणजे मैदानाच्या कडेला गरम होताना टाकलेले, कोण मोजतं?

माझ्या पोराचा तिसऱ्या वर्षाचा एक वीकेंड. शुक्रवारी आठव्या इनिंगला फोन आला, उठ, गरम हो. वीसेक बॉल टाकले, आपल्या टीमने तेवढ्यात पाच रन काढले, गरज संपली, बस खाली. शनिवारी सातव्याला उठवला, बसवला, नवव्याला परत उठवला, परत बसवला. रविवारी सहाव्याला उठवून बसवला आणि मग शेवटी नवव्याला आणला, दोन बॅटर, सात बॉल, मॅच संपली. स्कोअरबुकात त्या तीन दिवसांचे त्याच्या नावावर किती? सात. सोमवारी संध्याकाळी फोनवर म्हणाला खांदा दुखतोय, बॅग उचलवत नाही, आणि मी, मिरजेचा हुशार माणूस, म्हणालो सात बॉल टाकून खांदा दुखतो होय रे, आमच्या वेळी आम्ही दिवसभर टेनिस बॉलने टाकायचो. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, बाबा मी पाच वेळा उठलो. मला कळायलाच पाच मिनिटं लागली की तो काय सांगतोय. नंतर आम्ही दोघांनी मिळून गूगल शीट केली, बुलपेनचा प्रत्येक बॉल त्यात लिहायचा, आणि सीझनच्या शेवटी बेरीज केली तर मॅचमधल्या प्रत्येक बॉलमागे बाहेर दोनपेक्षा जास्त बॉल टाकलेले. कोच दुष्ट होता का, नाही, त्याच्याकडे माणसंच कमी होती.

स्टार्टरचं तसं नसतं. त्याचा दिवस ठरलेला. रविवारी टाकलं, सोमवारी हलकं पळणं आणि झोप, बुधवार-गुरुवारी एकदा बुलपेन, शनिवारी शक्यतो हात राखून स्टँडमध्ये बसून पुढच्या बॅटरची टिपणं काढणं, रविवारी परत. मेकॅनिकलचं दुसरं वर्ष आहे ना त्याचं? थर्मो कधी आहे आणि मिडटर्म कधी आहे हे बघून आठवडा लावता येतो. क्लोजरला शुक्रवार ते रविवार रोज तयार राहावं लागतं आणि मंगळवारी सुद्धा "लागलास तर" असं असतं. यात कोणाला मजा येते बरं का, माझ्या पोराला यायची, रोज संध्याकाळी पोटात गोळा हवाच असायचा त्याला. ज्याला नाही येत त्याचे हाल.

पण एक गोष्ट प्रामाणिकपणे बघायला हवी, प्रत्येक हात लांब पल्ल्याचा नसतो. तुमचा मुलगा ९२-९३ टाकतो ते पहिल्या इनिंगला की पन्नासाव्या बॉलला सुद्धा? त्या एप्रिलच्या मॅचचे आकडे कॉलेजकडे असणार, हल्ली डिव्हिजन वनमध्ये बहुतेक ठिकाणी प्रत्येक बॉलचा स्पीड मशीन टिपतं. चौथ्या इनिंगला तो ९२ च टाकत होता आणि तरी मार बसला, तर मी वर लिहिलं तेच, तिसरा बॉल नाही. पण चौथीत स्पीड ८८ वर उतरला होता, तर गोष्ट वेगळी, मग दमला होता, मग एक तर त्या आठवड्यात तयारी नव्हती, कारण एरवी वीस बॉल टाकणाऱ्याला एकदम मंगळवारी ६७ टाकायला लावलेत, नाहीतर अंगातच छोटी धाव आहे. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हात कसा होता? दाढी करताना, दरवाजा उघडताना? कोपराच्या आतल्या बाजूला दुखलं असेल तर स्टार्टर-क्लोजर सगळं बाजूला, आधी डॉक्टर. तिथलं लिगामेंट गेलं की टॉमी जॉन सर्जरी आणि वर्ष-दीड वर्ष घरी. फ्रँक जोब नावाच्या डॉक्टरांनी १९७४ मध्ये पहिल्यांदा केली ती, आता इतकी कॉमन झालीय की पोरं तिच्याबद्दल अक्कलदाढ काढल्यासारखं बोलतात, मला ते ऐकवत नाही.

म्हणून तो जानेवारीत कोचकडे गेला की "मी काय होऊ" असं विचारायचं नाही. विचारायचं की चौथ्या इनिंगला माझा स्पीड किती होता, डावखुऱ्यांनी कुठल्या बॉलवर मारलं, आणि मी स्टार्टर झालो तर चेंजअप टाकून चुकायची मुभा किती दिवस देणार. या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कोच कसं देतो त्यावर बरंच कळेल. कोच म्हणाला पहिल्या दोन रविवारी नाही जमलं तर काढीन, तर ती जागा खरं म्हणजे रिकामी नाहीच, दुसरं कोणीतरी आधीच ठरलंय.

आणि एक व्यवहाराची गोष्ट, जी मला वाटतं मुलाला स्वतःलाच पटेल. लांबून आखूड होता येतं, आखूडवरून लांब तितक्या सहज होता येत नाही. जानेवारीत तो स्टार्टर म्हणून तयार झाला, तीस बॉल, मग पंचेचाळीस, मग साठ, पंचाहत्तर असा हात वाढवत नेला, आणि मार्चअखेर वाटलं की नाही जमत, तर दुसऱ्या आठवड्यापासून तो क्लोजर होऊ शकतो. उलटं केलं, क्लोजर म्हणून सुरू केलं आणि एप्रिलमध्ये स्टार्टर जखमी झाला म्हणून कोचने बोलावलं, तर हात वाढवायला चार-पाच आठवडे लागतात आणि सीझन आहेच मुळी चौदा आठवड्यांचा. मागच्या वर्षी नेमकं तेच झालं ना त्याचं, हात न वाढवता ६७.

मोठी नावंही बघा. पॉल स्कीन्स, आज पिट्सबर्गचा, २०२५ चा साय यंग अवॉर्डवाला (लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा मान), तो २०२१ मध्ये एअर फोर्स अकॅडमीत पहिल्या वर्षी कॅचर होता आणि शेवटी येऊन मॅच संपवायचा. दुसऱ्या वर्षी स्टार्टर झाला, मग लुईझियाना स्टेटला गेला, २०२३ ला २०९ स्ट्राइकआऊट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर), टीम चॅम्पियन आणि ड्राफ्टमध्ये, म्हणजे मेजरच्या टीम नवी पोरं निवडतात त्यात, देशात पहिला नंबर. म्हणजे पहिल्या वर्षी क्लोजर असणं आणि दुसऱ्या वर्षी स्टार्टर होणं यात काही जगावेगळं नाही, तुमचा मुलगा आत्ता त्याच वळणावर उभा आहे, वळण तेच म्हणतोय हां, पुढचा रस्ता तोच असं नाही म्हणत, उगीच मिस्टरांना वाचून दाखवाल. दुसरा गॅरेट क्रोशे, टेनेसीचा, २०२० ला ड्राफ्ट झाला आणि त्याच वर्षी मेजरमध्ये रिलीव्हर (स्टार्टरनंतर येणारा पिचर) म्हणून आला, मधे टॉमी जॉन झाली, २०२३ संपेपर्यंत मेजरमध्ये एकही स्टार्ट नाही, आणि २०२५ ला बोस्टनकडून दोनशेवर इनिंग आणि २५५ स्ट्राइकआऊट. म्हणजे उशिरा बदलणं अशक्य नाही, पण त्याच्यामागे अख्खी क्लब उभी होती, हात वाढवायला पूर्ण हिवाळा होता, पगार चालू होता. कॉलेजच्या पोराला हे कोण देणार.

आपल्या लोकांपैकी विचाराल तर कुमार रॉकर आहे, आईकडचे आजी-आजोबा भारतातून आलेले. २०१९ ला व्हँडरबिल्टचा फ्रेशमन असताना सुपर रिजनलमध्ये, हरले तर घरी अशा मॅचला, ड्यूकविरुद्ध एक हिट न देता १९ स्ट्राइकआऊट काढले त्याने, एकट्याने पूर्ण नऊ इनिंग. बघताना अंगावर काटा आला होता. मात्र २०२१ ला ड्राफ्टमध्ये दहावा निवडून सुद्धा मेडिकल तपासणीनंतर न्यूयॉर्क मेट्सने त्याला करारच दिला नाही, वर्षभर थांबून परत ड्राफ्टला आला बिचारा. हे घाबरवायला सांगत नाहीये, मिस्टरांना ड्राफ्टची स्वप्नं पडत असतील तर त्यांनाही हे माहीत असावं म्हणून. चार वर्षांच्या कॉलेजातल्या पोराला ड्राफ्टला तिसऱ्या वर्षानंतर किंवा २१ पूर्ण झाल्यावर जाता येतं, म्हणजे अजून वेळ आहे, आणि मेजरमधले बहुतेक रिलीव्हर कधीकाळी कॉलेजात नाहीतर मायनरमध्ये स्टार्टरच होते, तिथून मागे गेलेले. स्काऊट सुद्धा हेच बघतात की याच्याकडे किती प्रकारचे बॉल आहेत.

रविवारच्या स्टार्टरबद्दल मात्र एक सावध करतो. तिघांत तो तिसरा. शुक्रवारचा टीमचा हुकमी, शनिवारचा दोन नंबर, रविवारी येईपर्यंत बुलपेन रिकामं झालेलं असतं, सगळे थकलेले, बॅटरना तीन दिवसात सगळं दिसलेलं, त्यामुळे रविवारी रन जास्त निघतात. चार-पाच इनिंग टाकून तीन रन दिले तरी तो चांगला रविवार. हे मिस्टरांना आत्ताच सांगून ठेवा. त्यांच्या डोक्यात स्टार्टर म्हणजे नऊ इनिंग आणि टाळ्या असं असेल, तर मार्चच्या पहिल्या रविवारी पाचव्याला कोच त्याला काढायला माऊंडवर चालत आला की हे परत गाडीत गप्प बसून येतील आणि पोराला ते लगेच कळेल. पहिल्या दोन-तीन स्टार्टला त्यांनी जाऊच नये असं मी सुचवीन, घरून बघावं. कठोर वाटेल, पण माझ्या पोराने मला हे नंतर सांगितलं, कॉलेज संपल्यावर, की बाबा तुम्ही स्टँडमध्ये उभे राहिलात की मला बॅटरच्या आधी तुम्ही दिसायचात. मी आपला प्रोत्साहन द्यायला उभा राहत होतो.

आणि मुलगा हे सगळं ऐकूनही क्लोजरच म्हणाला तर? त्याला एकच गोष्ट विचारा, ती सुद्धा तुम्ही, मिस्टरांनी नाही, आणि गाडीत विचारा, समोरासमोर नको. की त्या मंगळवारची चौथी इनिंग झालीच नसती तर तू काय मागितलं असतंस. उत्तर क्लोजरच आलं, आणि येताना चेहरा उजळला, की आई मला ते शेवटचं टेन्शन आवडतं, तर ताई, विषय संपला, हो म्हणा, त्या पोराला जे आवडतं ते आवडतं, माझाही तसाच होता आणि मी चार वर्षं उगाच तोंड पाडून फिरलो. फक्त त्या गूगल शीटचं सांगा, बुलपेनचा बॉल न् बॉल लिहायचा, आणि दर रविवारी रात्री पिचिंग कोचला दाखवायचा. दाखवायला लाज वाटते पोरांना, कुरकुर केल्यासारखं वाटतं, तरी दाखवायचा. गप्प राहिला किंवा "माहीत नाही" म्हणाला तर मग रविवार घेऊ दे, मार्चअखेरपर्यंत, आणि तसं कोचला सरळ सांगू दे की सर मी स्टार्ट घेतो, तोपर्यंत चेंजअप बसला नाही तर मी स्वतःच येऊन सांगेन.

राहिल्या तुमच्या सासूबाई, आणि खरं सांगू का, पत्रात मला सगळ्यात त्याच आवडल्या. क्लोजर झाला तर त्यांना शुक्रवारच्या मॅचला आपल्याकडच्या शनिवारी पहाटे चार-पाचला उठावं लागणार आणि तीन तास बघूनही बाळ येईल की नाही याची खात्री नाही. त्यांना सांगायचं की टीम एक ते तीन रननी पुढे असेल आणि आठवी इनिंग सुरू असेल तर देवाला दिवा लावून या, तेव्हाच यायची शक्यता, एरवी झोपा. स्टार्टर झाला तर सोपं आहे, रविवारी दुपारी एकची मॅच म्हणजे साताऱ्यात रात्री साडेअकरा, आणि मार्चमध्ये इथली घड्याळं पुढे गेली की साडेदहा. मालिका संपतात, जेवणं झालेली असतात, पहिलाच बॉल बाळाचा. झोप आली तरी हरकत नाही, चार इनिंगपर्यंत जागं राहिल्या म्हणजे पुष्कळ. मला तीच इनिंग बघायचीय, कशी झाली ते कळवा.